नसबंदी झालेला बोका दत्तक घेतला, तरी तो घरात फवारे का मारतो?

‘नसबंदी झालेली आहे, घाण करणार नाही,’ असं सांगून बोका दत्तक दिला जातो. आठवड्याभरात सोफ्याच्या पाठीवर, पडद्यावर उग्र वास येऊ लागतो आणि घरात प्रश्न उभा राहतो: हा परत द्यायचा का?

थांबा. आधी हा फवाराच आहे ना, ते बघा. फवारा मारताना मांजर उभं राहतं, शेपूट वर ताठ करून थरथरवतं आणि मागच्या भिंतीवर थोडीशी लघवी उडवतं. खाली बसून जमिनीवर किंवा गादीवर भरपूर लघवी करणं हा वेगळा प्रकार. तिथे ट्रे अस्वच्छ असणं किंवा मूत्रमार्गाचा त्रास ही कारणं जास्त संभवतात. बोका ट्रेमध्ये वारंवार बसतोय, कुंथतोय, पण लघवी होत नाही, असं दिसलं तर मार्ग बंद झालेला असू शकतो. तो काही तासांत जिवावर बेततो. ‘उद्या बघू’ म्हणू नका.

आता फवाऱ्याकडे येऊ. अमेरिकेतले पशुवर्तनतज्ज्ञ बेंजामिन हार्ट यांनी १९७३ मध्ये बॅरेट यांच्यासोबत मोठ्या वयात नसबंदी झालेल्या बोक्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दहापैकी जवळपास नऊ बोक्यांचं फवारणं थांबलं किंवा खूप कमी झालं. बहुतेकांचं लवकर, काहींचं हळूहळू. पुढे १९८४ च्या अभ्यासात दिसलं की वयात येण्याआधीच नसबंदी झालेल्यांपैकीही सुमारे १० टक्के बोके आणि ५ टक्के माद्या मोठेपणी फवारे मारतात. म्हणजे शस्त्रक्रियेने सवय बरीच कमी होते, पण शंभर टक्के खात्री कोणीच देऊ शकत नाही.

कारण फवारा फक्त माजावर येण्याचा नसतो. तो ‘ही जागा माझी’ असा निरोपही असतो, आणि बिथरलेलं मांजर तो जास्त वेळा लिहितं.

अलिबागजवळच्या किहीमचंच उदाहरण घ्या. मुंबईकरांचे वीकेंड बंगले, नारळी-पोफळीच्या वाड्या, उघडा व्हरांडा, जाळीचे दरवाजे. मासळीच्या वासाने गावातले बोके अंगणात येणारच. शनिवारी मांडव्याची बोट धरून आणलेला दत्तक बोका जाळीतून त्यांना बघतो. या घरात त्याचा स्वतःचा वास नाही, बाहेर मात्र परक्यांचा दरवळतोय. रविवारी तो परत मुंबईला, पुढच्या शनिवारी पुन्हा पहिल्यापासून. अशा मांजराला दर आठवड्याला नेण्यापेक्षा घरीच कोणीतरी बघायला ठेवलेलं बरं. न्यायचंच असेल तर त्याची नेहमीची चादर आणि ट्रे घेऊन आधी एकाच खोलीत ठेवा, बाहेरचं दिसणाऱ्या खिडकीचा खालचा भाग झाका.

आणि हो, गुन्हेगार तुमचा बोका नसूही शकतो! नर बोक्याच्या लघवीतल्या फेलिनीन या गंधकयुक्त घटकापासून तो खास वास तयार होतो. नसबंदीनंतर हा घटक बराच कमी होतो. शस्त्रक्रियेला काही महिने झाले तरी वास तितकाच उग्र असेल तर व्हरांड्यात रात्री कोण येतं ते मोबाईल लावून बघा. घरातलाच निघाला, तर एखादं वृषण पोटात राहिलंय का, हे डॉक्टरांना विचारा.

याच किहीममध्ये १९३० च्या सुमारास सालिम अली सुगरण पक्ष्यांची घरटी दिवसेंदिवस न्याहाळत बसले होते. तेवढी चिकाटी नको, पण आठवडाभर वेळ, जागा आणि त्याआधी काय घडलं ते लिहून ठेवा. डॉक्टरांना याचा फार उपयोग होतो.

साफसफाईत फिनेल टाळा. त्यातलं फिनॉल मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाही, विषबाधा होऊ शकते. अमोनियावाल्या क्लीनरचा वास तर लघवीसारखाच. एन्झाइम असलेला क्लीनर वापरा. जांभ्याची भिंत सच्छिद्र असल्याने वास धरून ठेवते, तिथे दोन-तीनदा करावं लागतं. मांजराला मारू नका, त्याने भीती वाढते आणि फवारेही. जितकी मांजरं, त्यापेक्षा एक ट्रे जास्त ठेवा.

तरीही थांबलं नाही तर फ्लुऑक्सेटिनसारखी औषधं आहेत. ती डॉक्टरांनीच द्यायची आणि गुण यायला काही आठवडे लागतात. अगदीच जमत नसेल तर ज्यांनी दत्तक दिलं त्यांना कळवा. ‘मासे मिळतील’ म्हणून किनाऱ्यावर सोडून येणं हा पर्याय नाही. उपाशी-तहानेलं राहील अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.