पुसायचं तर लिहावं लागतं

१ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया हे अंतराळयान टेक्सासच्या आकाशात फुटलं. कल्पना चावलासह सातही अंतराळवीर गेले. यानाचे तुकडे दूरवर विखुरले होते. त्यांचा शोध चालू असताना सुमारे सहा महिन्यांनी कोरड्या पडलेल्या एका तळ्यात एक होरपळलेली वस्तू सापडली. ती यानातल्या एका प्रयोगाची हार्ड डिस्क होती. प्लास्टिकचे भाग जळाले होते, आत माती शिरली होती. क्रोल ऑनट्रॅक या अमेरिकन कंपनीतल्या तंत्रज्ञांनी आतल्या तबकड्या काढल्या, स्वच्छ केल्या, दुसऱ्या सांगाड्यात बसवल्या आणि जवळजवळ ९९ टक्के माहिती परत मिळवली. झेनॉन वायूवरच्या त्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये रीतसर प्रसिद्धही झाले.

त्याच तबकड्यांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत कुणी एकदा नुसती शून्यं लिहिली असती, तर? मग कुठल्याही तंत्रज्ञाच्या हाती काही लागलं नसतं. आगीला जे जमलं नाही ते शून्यांना जमतं. गंमत अशी, की आपण ज्याला पुसणं म्हणतो त्यात ही शून्यं बहुतेक वेळा लिहिलीच जात नाहीत.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एखाद्या दुकानात जाऊन ‘फॉरमॅट मारून विंडोज टाकून द्या’ म्हटलं, की टेराबाइटभराची डिस्क काही सेकंदांत रिकामी दिसू लागते. संशय यायला हवा तो इथेच. सेकंदाला दीडशे मेगाबाइट या चांगल्या वेगाने लिहीत सुटलं तरी एवढी डिस्क एकदा भरायला पावणेदोन तासांच्या वर लागतात. मग त्या काही सेकंदांत पुसलं काय? फक्त नोंदी. कुठली फाइल कुठे आहे हे सांगणारा तक्ता तेवढा नव्याने, रिकामा मांडला जातो; फाइली जागच्या जागी असतात. सातबाऱ्यावरचं नाव बदललं म्हणून शेतातला ऊस नाहीसा होत नाही. नवा मालक नांगर घालेपर्यंत तो उभाच असतो.

नोंदी ठेवण्याच्या जुन्या फॅट पद्धतीत तर फाइल डिलीट केली की नोंदीतल्या तिच्या नावाचं पहिलं अक्षर खोडून तिथे एक ठरलेली खूण केली जाई आणि तिची जागा मोकळी म्हणून जाहीर होई. म्हणूनच डॉसमधली ‘अनडिलीट’ ही आज्ञा फाइल परत आणताना आपल्यालाच विचारायची, की नावाचं पहिलं अक्षर काय होतं? ते तिला ठाऊक नसायचं.

एमआयटीतले सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलत यांनी ‘डिलीट किंवा फॉरमॅट केलं की पुसलं’ या समजुतीची परीक्षाच घेतली. त्यांनी १५८ जुन्या डिस्क विकत आणल्या. त्यातल्या १२९ चालू निघाल्या आणि नीट पुसलेल्या होत्या फक्त १२. बाकीच्यांत क्रेडिट कार्डांचे हजारो क्रमांक होते. एक डिस्क तर चक्क एटीएम यंत्रातली होती, ग्राहकांच्या खात्यांच्या क्रमांकांसकट. हे २००३ मध्ये प्रसिद्ध झालं. विंडोजचं सविस्तर फॉरमॅटसुद्धा शून्यं लिहू लागलं ते व्हिस्टापासून. त्याआधीच्या एक्सपीमध्ये ते फक्त खराब झालेल्या जागा तपासायचं.

मला सगळ्यात नवल वाटतं ते याचं, की चुंबकीय तबकडीला कोरं होणं माहीतच नाही. तिच्यावरचे सूक्ष्म कण कायम कुठल्या ना कुठल्या दिशेने चुंबकित असतात. शून्यांची रांग म्हणजेसुद्धा त्यांची एक मांडणीच. जुनं घालवायचं तर त्यावर दुसरं काही लिहायचं. किती वेळा? १९९६ मध्ये न्यूझीलंडच्या पीटर गुटमन यांनी एका निबंधात ३५ फेऱ्यांची एक योजना मांडली आणि तो आकडा जगभर पसरला. वास्तविक त्या फेऱ्या तेव्हाच्या आणि त्याआधीच्या वेगवेगळ्या डिस्कचा एकत्र विचार करून ठरवलेल्या होत्या. एकाच डिस्कला सगळ्या पस्तीस लागतात असं त्यांचं म्हणणं कधीच नव्हतं. लोकांनी या योजनेचा मंत्रतंत्र करून टाकला, अशी तक्रार त्यांनीच पुढे केली. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक-संस्थेने २००६ मध्ये स्पष्ट केलं, की आजच्या डिस्कला एकच फेरी पुरते. तरीही पुसण्याच्या कित्येक प्रोग्रॅममध्ये पस्तीसचा पर्याय आजही दिमाखात मिरवतो.

तबकड्यांऐवजी चिपांवर माहिती साठवणाऱ्या एसएसडीमध्ये हे सगळं उलटं होतं. तिथे कोरेपण खरंच आहे, आणि कोरी पेशी वाचली तर उत्तर शून्य नव्हे, एक येतं! पेशीत विद्युतभार कोंडणं म्हणजे लिहिणं. पण लिहिलेल्यावर पुन्हा लिहिता येत नाही; आधी पुसावं लागतं, तेही शेकडो पानांचा अख्खा गठ्ठा एकदम. अशा पुसण्याने पेशी झिजतात, म्हणून डिस्कमधला नियंत्रक झीज सगळीकडे सारखी वाटत राहतो. तुम्ही एखादी फाइल शून्यांनी झाकायला गेलात, तर तो ती शून्यं भलत्याच जागी लिहितो आणि मूळ फाइल मागे तशीच राहते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सान डिएगो इथल्या संशोधकांनी २०११ मध्ये हे तपासलं, तेव्हा एकेक फाइल झाकून पुसायच्या सगळ्या पद्धती नापास झाल्या. फाइलींचा ४ ते ७५ टक्के मजकूर शिल्लक होता.

यावरची युक्ती मोठी देखणी आहे. डिस्कवर जे काही लिहायचं ते पहिल्या दिवसापासून कुलूपबंद करूनच लिहायचं आणि किल्ली डिस्कमध्येच ठेवायची. पुसायची वेळ आली की फक्त किल्ली नष्ट करायची. २५६ बिटांची किल्ली म्हणजे ३२ बाइट. युनिकोडच्या नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे जेमतेम दहा चिन्हांची जागा. तेवढी गेली की टेराबाइटभर मजकुराचा अर्थच गेला. आयफोन २००९ पासून क्षणात कोरा होतो तो असा.

पण डिस्कवरचं सगळंच गेलं, की नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकताना एक कोडं पडतं. फाइल कशी वाचायची हे सिस्टिमला ठाऊक असतं, आणि सिस्टिम स्वतःच फाइलींमध्ये असते. मग पहिली फाइल उघडणार कोण? त्यासाठी मदरबोर्डावर एक छोटी चिप असते, डिस्कपासून वेगळी. वीज आली की प्रोसेसर आधी तिच्यातला प्रोग्रॅम चालवतो. जुन्या यंत्रांतल्या अशा प्रोग्रॅमला, म्हणजे बायॉसला, फाइल म्हणजे काय हेही कळत नसे. तो डिस्कवरचे पहिले ५१२ बाइट उचलायचा, शेवटच्या दोन बाइटांतली ठरलेली खूण पाहायचा आणि आतल्या प्रोग्रॅमवर डोळे मिटून विश्वास टाकायचा. त्या प्रोग्रॅमला जागा किती? ४४६ बाइट. या लेखातली दीडशे चिन्हंही तिथे मावणार नाहीत. तेवढ्यात पुढचा, मोठा प्रोग्रॅम शोधून त्याच्या हाती कारभार द्यायचा! त्याच्या जागी आलेला आजचा यूईएफआय प्रोग्रॅम शहाणा आहे, त्याला फाइली वाचता येतात. पण त्या सहसा फॅट पद्धतीच्या लागतात, जिचं मूळ १९७७ पर्यंत जातं. पहिलं अक्षर खोडणारी ती हीच.

पुढचं काम सोपं, पण बघण्यासारखं. पेन ड्राइव्हवरून एक छोटं विंडोज थेट रॅममध्ये चढतं, स्वतःला एक्स ड्राइव्ह म्हणवतं आणि तिथूनच डिस्कची साफसफाई करतं. डिस्कवर त्याचं काहीच नसल्यामुळे ती अख्खी पुसली तरी त्याचं अडत नाही. व्हिस्टापासून विंडोज एकेक फाइल आणून मांडत बसत नाही. सगळ्या सिस्टिमची आधीच तयार केलेली घडी डिस्कवर उलगडली जाते. लायसन्सची किल्लीही अनेकदा विचारली जात नाही, कारण विंडोज ८ च्या काळापासून ती पुष्कळ लॅपटॉपांच्या मदरबोर्डावरच्या त्या चिपमध्येच लिहून येते.

त्या चिपपर्यंत कुठलंही फॉरमॅट पोचत नाही. हे हल्लेखोरांच्याही ध्यानात आलं आहे. २०१८ मध्ये ईसेट या कंपनीने लोजॅक्स नावाचा घातकी प्रोग्रॅम उजेडात आणला. तो याच चिपमध्ये बसायचा आणि नव्या विंडोजमध्ये पुन्हा शिरायचा. डिस्क काढून दुसरी बसवली तरी त्याला फरक पडत नसे. उपाय दोनच होते: चिपमधला मजकूर नव्याने लिहायचा, आणि ते जमत नसेल तर मदरबोर्डच बदलायचा.