शाकारलेल्या नौकेतली बॅटरी

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. हर्णै, मिरकरवाडा, मालवण इथल्या नौका या काळात किनाऱ्यावर ओढल्या जातात किंवा खाडीत सुरक्षित जागी नांगरल्या जातात आणि शाकारून ठेवल्या जातात. जाळी दुरुस्त होतात, इंजिनाचे काम निघते, तळाला रंग लागतो. या डागडुजीत सहज मागे पडते ती बॅटरी, कारण नौका उभी म्हणजे बॅटरीही स्वस्थ, असे वाटते. पण शिशाच्या प्लेटी आणि सौम्य गंधकाम्ल असलेली ही बॅटरी काहीही न चालवता आतल्या आत उतरत राहते. उतरताना प्लेटींवर लेड सल्फेटचे बारीक स्फटिक जमतात. वेळेत चार्जिंग झाले तर ते पुन्हा विरघळतात. आठवडेच्या आठवडे तसेच राहिले तर वाढतात, कठीण होतात आणि प्लेटीचा तेवढा भाग कायमचा निकामी करतात. म्हणून बॅटरी वापराने झिजते तशीच उतरलेल्या अवस्थेत नुसती पडून राहिल्यानेही मरते.

थंड देशांत नौका हिवाळ्यात काढून ठेवतात. तिथे मोठी भीती गोठण्याची असते. पूर्ण उतरलेल्या बॅटरीतले पाणीदार आम्ल शून्याखाली थोड्याच अंशांवर गोठून खोके फोडू शकते. पूर्ण भरलेल्या बॅटरीतले आम्ल उणे ५० अंशांतही गोठत नाही. पण त्याच थंडीचा एक फायदाही आहे: बॅटरी फार हळू उतरते. ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी वाढले की आपोआप उतरण्याचा वेग दुप्पट होतो. म्हणजे कोकणातल्या पावसाळ्यातल्या ३० अंशांत हा वेग शून्य अंशाच्या साधारण आठपट पडतो. आपले दोन महिने तिथल्या लांब हिवाळ्यापेक्षा सौम्य नाहीत, उलट कडक आहेत. वर दमट, खाऱ्या हवेने टर्मिनल गंजतात ते वेगळेच.

उपाय साधा आहे, फक्त तो नौका शाकारण्याआधी करायचा. बॅटरी पूर्ण चार्ज करावी. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो आणि हवेत तो चार टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो, म्हणून हे काम मोकळ्या हवेत, ठिणगीपासून दूर व्हावे. प्लेटी उघड्या पडल्या असतील तर आधी त्या बुडतील एवढेच डिस्टिल्ड वॉटर घालावे आणि उरलेली पातळी चार्जिंगनंतर पुरी करावी. मग आधी निगेटिव्ह, नंतर पॉझिटिव्ह वायर सोडवून बॅटरी नौकेतून काढावी, टर्मिनल पुसून व्हॅसलिन लावावे आणि ती कोरड्या, हवेशीर जागी ठेवावी. काही तास विसावलेली, भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. जुलैच्या सुरुवातीला पुन्हा मोजावे, १२.४ च्या खाली गेली असेल तर लगेच चार्ज करावी. १२ व्होल्ट हा आकडा दिसायला पुरेसा वाटला, तरी तेव्हा बॅटरीत जेमतेम पाव भाग उरलेला असतो.

यावर काही आक्षेप येतात. आठवड्याला दहा मिनिटे इंजिन चालवले तर पुरत नाही का? नाही. सुरू करताना गेलेली वीज तेवढ्यात कशीबशी भरून येते, पूर्ण चार्जिंग होत नाही. शिवाय समुद्राच्या पाण्याने थंड होणारे इंजिन किनाऱ्यावर पाण्याविना चालवणे धोक्याचे. मेंटेनन्स-फ्री बॅटरी तरी निर्धास्त ठेवावी का? ती हळू उतरते हे खरे, पण उतरल्यावर सल्फेटचा नियम तिलाही सुटत नाही. जमिनीवर ठेवल्याने बॅटरी उतरते, हा समज मात्र आजच्या प्लास्टिकच्या खोक्यांना लागू नाही; खाली फळी घालण्यापेक्षा चार्जर महत्त्वाचा. राहिला खर्चाचा प्रश्न. दोन वेळच्या चार्जिंगचे पैसे नव्या बॅटरीच्या किमतीपुढे किरकोळ आहेत.

आणि हिशेब पैशांपुरता नाही. ऑगस्टच्या सुरुवातीला समुद्र अजून खवळलेला असतो, आणि त्याच दिवसांत नौका पहिल्या फेरीला निघतात. इंजिन सुरू होणे, वायरलेसवरून मदत मागता येणे, आत आलेले पाणी पंपाने उपसणे, रात्री दिवे लागणे, हे सारे बॅटरीवर चालते. जाळे फाटले तर मासळी जाते. बॅटरी ऐन वेळी बसली तर खलाशांचे जीव टांगणीला लागतात. म्हणून मे अखेरच्या कामांच्या यादीत बॅटरीचे चार्जिंग इंजिनाच्या कामाइतकेच वर असायला हवे.