डायनॅमिक लोड म्हणजे काय? किल्लारीची जड घरं का कोसळली?

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसर भूकंपाने हादरला. हजारो लोकांचा बळी गेला. दगड-मातीची, वर मातीचं जड माळवद असलेली घरं वर्षानुवर्षं उभी होती. मग ती काही सेकंदांत कशी कोसळली?

माळवदाचं वजन भिंतींना कायम खाली दाबतं. हा स्थिर भार, म्हणजेच स्टॅटिक लोड. जो भार क्षणाक्षणाला वेगाने बदलतो, तो गतिक भार किंवा डायनॅमिक लोड. पुलावरून धावणारी रेल्वे, सोसाट्याचा वारा आणि भूकंप ही त्याची उदाहरणं.

बस झटक्यात सुटली की उभा प्रवासी मागे झुकतो. भूकंपात तसंच होतं. पाया जमिनीसोबत सरकतो, छत मात्र जागीच राहू पाहतं. त्यामुळे भिंतींवर आडवा जोर येतो. छत जितकं जड, तितका जोर जास्त. मातीत रचलेल्या दगडी भिंती खालचा दाब पेलतात, पण आडवा जोर सोसत नाहीत.

म्हणूनच भूकंपरोधक बांधकामात हलकं छत, भिंतीतून आरपार जाणारे दगड आणि दारं-खिडक्यांवर सलग काँक्रीटचा पट्टा सुचवला जातो. 2024 मध्ये हिंगोलीतील भूकंपाचे धक्के नांदेडपर्यंत जाणवले. मराठवाड्यात घर बांधताना फक्त वजनाचा नव्हे, हादऱ्याचाही हिशोब करायला हवा.