ज्योत पेटण्याआधी पेटणाऱ्या अफवा

ऑलिम्पिकचा उद्घाटन सोहळा जवळ आला की दोन तऱ्हेची चर्चा रंगते. एक कुतूहलाची : ज्योत कोण पेटवणार, कोण गाणार, आपल्या पथकापुढे तिरंगा कोणाच्या हाती असणार. दुसरी संशयाची : अमुक दृश्यात कोणता इशारा दडला आहे, तमुक चिन्हामागे कोणाचा हात आहे. पहिली चर्चा खेळाच्या प्रेमापोटी होते आणि ती व्हायलाच हवी. दुसरीमुळे मात्र हजारो माणसांनी महिनोन् महिने राबून उभे केलेले काम बदनाम होते. दोन्ही चर्चांना खतपाणी मिळते ते काही ठरावीक गैरसमजांमधून. त्यांतले महत्त्वाचे तपासून पाहू.

गैरसमज १ : मशाल नेण्याची परंपरा प्राचीन ग्रीक ऑलिम्पिकपासून चालत आली आहे.

वस्तुस्थिती : प्राचीन ऑलिंपियात देवीच्या वेदीवर अग्नी तेवत असे, अथेन्समध्ये मशालीच्या शर्यतीही होत. पण ऑलिंपियातून मशाल घेऊन खेळांच्या ठिकाणी धावत जाण्याची प्रथा प्राचीन खेळांत नव्हती. आधुनिक ऑलिम्पिक 1896 मध्ये अथेन्सला सुरू झाले, तेव्हाही ज्योत नव्हती. ती पहिल्यांदा तेवली 1928 मध्ये, अॅमस्टरडॅमच्या स्टेडियममधील मनोऱ्यावर. मशालीची दौड तर 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकची. आयोजन समितीचे सचिव कार्ल डीम यांनी ती कल्पना मांडली. 20 जुलै 1936 रोजी ऑलिंपियात आरशाने सूर्यकिरण एकवटून ज्योत पेटवली गेली आणि तीन हजारांहून अधिक धावपटूंनी ती सात देशांमधून बर्लिनला पोहोचवली. नाझी राजवटीने या दौडीचा प्रचारासाठी पुरेपूर वापर केला. आज तिला शांततेचे आणि बंधुभावाचे रूप आले आहे ते नंतरच्या यजमानांमुळे. ही परंपरा शंभर वर्षांचीही नाही आणि तिचा अर्थ पुढच्या पिढ्यांनी घडवला आहे. प्राचीनतेचे खोटे वलय काढून टाकले तर तिचे मोल कमी होत नाही, उलट नीट कळते.

गैरसमज २ : सोहळ्यात काय दाखवायचे हे सर्वस्वी यजमानांच्या मर्जीवर असते.

वस्तुस्थिती : लग्नात सप्तपदी ठरलेली असते आणि पंगतीचा बेत घरोघर वेगळा असतो, तशी इथली विभागणी आहे. खेळाडूंचे संचलन, भाषणे, उद्घाटनाची घोषणा, ऑलिम्पिक ध्वज आणि गीत, शपथ, ज्योत हे भाग आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या नियमांनी बांधलेले आहेत. यजमान राष्ट्रप्रमुखाने खेळ सुरू झाल्याची घोषणा कोणत्या शब्दांत करायची, तेसुद्धा ऑलिम्पिक सनदेत लिहून ठेवले आहे. तिथे राजकीय भाषणाला जागाच नाही.

संचलनात ग्रीस पहिला आणि यजमान शेवटी, हा प्रघात 1928 पासूनचा. मधले बहुतेक देश यजमानांच्या भाषेतील क्रमाने येतात. म्हणूनच 2008 मध्ये बीजिंगला चिनी लिपीतील रेघांच्या संख्येवरून क्रम लागला, तर 2021 मध्ये टोकियोत जपानी वर्णमालेनुसार. भारताला मुद्दाम पुढे घेतले किंवा मागे ढकलले, अशी ओरड दर वेळी होते. तिचे उत्तर बहुधा त्या भाषेच्या वर्णक्रमात सापडते. यजमानांना मोकळीक असते ती कलात्मक भागात, आणि तिथेच त्यांची प्रतिभा दिसते.

गैरसमज ३ : ज्योत पेटवण्याचा मान देशातील सर्वांत यशस्वी खेळाडूलाच मिळतो.

वस्तुस्थिती : तर्क चुकतात ते याच समजुतीमुळे. 1964 मध्ये टोकियोत ज्योत पेटवली योशिनोरी साकाई या 19 वर्षांच्या धावपटूने. तो ऑलिम्पिकमध्ये कधी खेळलाही नव्हता. पण त्याचा जन्म 6 ऑगस्ट 1945 चा, हिरोशिमा प्रांतातला. अणुबॉम्ब पडला त्या दिवशी जन्मलेला मुलगा हाती मशाल घेऊन धावला, यातून जपानने जगाला जे सांगितले ते पदकांच्या यादीतून सांगता आले नसते.

1996 मध्ये अटलांटात जलतरणपटू जॅनेट इव्हान्सने मशाल दिली ती मुहम्मद अली यांच्या हाती. पार्किन्सन्सने थरथरणाऱ्या हातांनी त्यांनी ती उंच धरली. ज्योत तेच पेटवणार हे आधी अगदी मोजक्या लोकांना ठाऊक होते. 2000 मध्ये सिडनीत कॅथी फ्रीमन या आदिवासी समाजातील धावपटूची निवड झाली आणि पुढे त्याच स्पर्धेत तिने 400 मीटरचे सुवर्णही जिंकले. 2016 मध्ये रिओत सगळ्यांच्या तोंडी पेले यांचे नाव होते. प्रकृतीमुळे त्यांनी माघार घेतली आणि मान मिळाला वांदेर्लेई द लिमा यांना. 2004 च्या अथेन्स मॅरेथॉनमध्ये ते आघाडीवर असताना एका प्रेक्षकाने त्यांना अडवून ढकलले होते, तरी ते हसतमुखाने तिसरे आले होते.

2012 मध्ये लंडनला नामवंतांच्या नावांवर पैजा लागल्या होत्या. नौकानयनपटू स्टीव्ह रेडग्रेव्ह स्टेडियममध्ये मशाल घेऊन आलेही, पण त्यांनी ती सात तरुण खेळाडूंकडे सोपवली. या मुलांना नामांकित ब्रिटिश खेळाडूंनीच निवडले होते. तेव्हा ज्योतवाहकाचा अंदाज बांधताना पदके मोजत बसू नये. या वेळी देशाला स्वतःबद्दल काय सांगायचे आहे, हा प्रश्न विचारावा.

गैरसमज ४ : बार्सिलोनात तिरंदाजाने अचूक नेम धरून बाण ज्योतपात्रात मारला.

वस्तुस्थिती : 1992 चा तो क्षण आजही अंगावर रोमांच आणतो. पॅरालिम्पिक तिरंदाज अंतोनियो रेबोयो यांनी पेटता बाण सोडला आणि ज्योत उसळली. पण बाण पात्रात पडलाच नाही. सुरक्षेसाठी तो पात्रावरून पलीकडे जावा अशीच योजना होती आणि तो स्टेडियमबाहेर पडला. हे कळल्यावर काहींना फसवणूक झाल्यासारखे वाटते. ते रेबोयो यांच्यावर अन्याय करणारे आहे. भरल्या स्टेडियममध्ये, जगभरचे डोळे लागलेले असताना, रात्रीच्या वेळी पेटता बाण नेमका ठरल्या वाटेने पाठवणे हेच मोठे कसब होते.

गैरसमज ५ : टीव्हीवर दिसते ते सगळे त्या क्षणी तिथे घडत असते.

वस्तुस्थिती : नेहमीच नाही. बीजिंगला स्टेडियमकडे चालत येणारी 29 पावले आतषबाजीतून आकाशात उमटली. आतषबाजी खरी होती. टीव्हीवर दिसलेला तिचा बराचसा भाग मात्र आधीच संगणकावर तयार केलेला होता, कारण हेलिकॉप्टरमधून तसे चित्रीकरण करणे अवघड होते. त्याच सोहळ्यात गाताना दिसलेली मुलगी एक आणि आवाज दुसरीचा, हेही उघड झाले. ते सांगितले सोहळ्याच्या संगीत दिग्दर्शकांनीच, आणि त्यावर चीनमध्येही टीका झाली. ती रास्त होती.

2014 मध्ये सोचीच्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये पाच ऑलिम्पिक कड्यांपैकी एक उमललेच नाही. रशियातील प्रेक्षकांना त्या जागी सरावाचे चित्रण दाखवले गेले. पण समारोपाच्या वेळी नर्तकांनी तीच चूक मुद्दाम साकारून दाखवली. थोडक्यात, अशी लपवाछपवी उघड व्हायला फार वेळ लागत नाही. जिथे हजारो कलाकार, तंत्रज्ञ आणि पत्रकार हजर असतात, तिथे मोठे कारस्थान वर्षानुवर्षे गुपित राहील हे संभवत नाही.

गैरसमज ६ : लंडन 2012 च्या सोहळ्यात कोरोनाचे भाकीत होते.

वस्तुस्थिती : 2020 मध्ये ही अफवा जगभर फिरली. रुग्णालयाच्या खाटा, नाचणाऱ्या परिचारिका, वर उठणारी काळी राक्षसी आकृती आणि शेवटी अवाढव्य बाळ, अशी चित्रे जोडून ‘त्यांना आधीच माहीत होते’ असे सांगितले गेले.

दिग्दर्शक डॅनी बॉईल यांचा तो प्रसंग दोन गोष्टींना मानवंदना देत होता : ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा आणि तिथले बालसाहित्य. ही आरोग्य सेवा 5 जुलै 1948 ला सुरू झाली आणि त्याच महिन्याच्या 29 तारखेला लंडनमध्ये युद्धोत्तर ऑलिम्पिकचे उद्घाटन झाले. खाटांचा संबंध होता लहान मुलांच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयाशी. ‘पीटर पॅन’चे लेखक जे. एम. बॅरी यांनी त्या पुस्तकाचे हक्क 1929 मध्ये याच रुग्णालयाला देऊन टाकले होते. म्हणूनच मैदानात जे. के. रोलिंग यांनी ‘पीटर पॅन’मधील उतारा वाचला. काळी आकृती होती हॅरी पॉटरच्या गोष्टीतल्या व्होल्डेमॉर्टची. तिच्या सोबतीला मुलांच्या गोष्टींमधले इतर खलनायक होते, आणि छत्र्या घेऊन उतरलेल्या मेरी पॉपिन्सनी त्यांना पळवून लावले. खाटांभोवती नाचणाऱ्यांत आरोग्य सेवेतले खरे कर्मचारी होते. दिवसाची पाळी सांभाळून त्यांनी सराव केला होता.

काही तासांच्या सोहळ्यात डोळ्यांसमोरून हजारो प्रतिमा जातात. आठ वर्षांनी एखादी मोठी घटना घडली की त्यांतल्या चार-दोन तिला जुळणारच. जुळलेल्या तेवढ्या उचलायच्या आणि उरलेल्या विसरायच्या, यातून ‘भाकीत’ जन्मते. हीच पद्धत त्या ऑलिम्पिकच्या बोधचिन्हाला लावली गेली होती. 2012 हा आकडा वेड्यावाकड्या आकारांत लिहिला होता. त्यात ‘झायन’ हा इस्रायलशी जोडला जाणारा शब्द वाचून 2011 मध्ये इराणने थेट ऑलिम्पिक समितीकडे तक्रार केली. ते आकार म्हणजे केवळ वर्षाचे आकडे होते.

गैरसमज ७ : पॅरिसची ज्योत म्हणजे हवेत तरंगणारी आग होती.

वस्तुस्थिती : 26 जुलै 2024 रोजी भर पावसात, सीन नदीवर, पहिल्यांदाच स्टेडियमबाहेर उन्हाळी ऑलिम्पिकचे उद्घाटन झाले. फ्रान्सचे खेळाडू टेडी रिनेर आणि मारी-जोझे पेरेक यांनी तुइलरी बागेत ज्योत चेतवली आणि फुग्याखालचे कडे आकाशात चढले. त्या कड्यात इंधन जळत नव्हते. 40 दिव्यांचा प्रकाश आणि 200 फवाऱ्यांचे धुके यांतून ज्वाळेचा भास होत होता. ऑलिंपियाहून आलेली खरी ज्योत जवळच एका कंदिलात जपून ठेवली होती. आयोजकांनी यातले काहीही लपवले नव्हते. फुग्यालाही कारण होते : 1783 मध्ये जाक शार्ल यांचा हायड्रोजनचा फुगा याच बागेतून उडाला होता.

त्याच रात्रीच्या मेजवानीच्या दृश्यात अनेकांना ‘द लास्ट सपर’ हे येशूच्या अखेरच्या भोजनाचे चित्र दिसले आणि श्रद्धावंत दुखावले. दिग्दर्शक तोमा जोली यांनी आपली प्रेरणा ती नव्हती, ग्रीक देवांचा उत्सव दाखवायचा होता, असे सांगितले. आयोजकांनी दुखावल्या गेलेल्यांबद्दल खेदही व्यक्त केला. आपल्याला काय दिसले ते सांगण्याचा हक्क प्रेक्षकाला आहे. मात्र आपल्याला दिसले तेच करणाऱ्याच्या मनात होते, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

गैरसमज ८ : उद्घाटनाशिवाय खेळ सुरू होत नाहीत आणि प्रत्येक खेळाडू संचलनात असतोच.

वस्तुस्थिती : पॅरिसमध्ये फुटबॉल आणि रग्बीचे सामने दोन दिवस आधीच, 24 जुलैला सुरू झाले होते. साताऱ्याच्या प्रवीण जाधवसह भारतीय तिरंदाजांची मानांकन फेरी 25 जुलैला झाली. 2021 मध्ये टोकियोत तर ती उद्घाटनाच्याच दिवशी होती. दुसऱ्या दिवशी लढत असलेले खेळाडू तासन् तास उभे राहणे टाळतात. संचलनात कोणी दिसला नाही म्हणजे तो रुसला किंवा त्याला डावलले, असा तर्क करणे चूक आहे.

लॉस एंजेलिसच्या जाहीर वेळापत्रकानुसार उद्घाटन 14 जुलै 2028 ला आहे आणि क्रिकेट 12 जुलैलाच सुरू होणार आहे. भारतात त्या वेळी केवढी चर्चा पेटेल याची कल्पना करता येते. 2030 च्या राष्ट्रकुल स्पर्धांचे यजमानपद अहमदाबादला मिळाले आहे, म्हणजे तेव्हा अफवांचे लक्ष्य आपल्याच घरचे कलाकार आणि स्वयंसेवक असतील. त्याआधी तीन प्रश्न विचारायची सवय लावून घेऊ. ही गोष्ट नियमांनी ठरलेली आहे की यजमानांनी निवडलेली? करणाऱ्यांनी स्वतः तिचा काय अर्थ सांगितला आहे? आणि हा ‘इशारा’ सोहळ्याआधी कोणी सांगितला होता, की घटना घडून गेल्यावर जोडला?

लंडनच्या रंगीत तालमी हजारो प्रेक्षकांनी पाहिल्या होत्या. बॉईल यांनी त्यांना एकच विनंती केली, आश्चर्य राखून ठेवा. बहुतेकांनी ती पाळली, म्हणून उरलेल्या जगाला तो आनंद ताजा मिळाला. तर्क जरूर लढवावेत, पैजाही लावाव्यात. पण राबणाऱ्या माणसांच्या हेतूवर शंका घेण्याआधी पुरावा मागावा. चांगल्या प्रेक्षकाचे तेवढे कर्तव्य आहेच.