एमबीए सीईटीची तयारी (लेखांक 5) : बरोबर उत्तरांचीही झडती घ्या

सराव परीक्षा झाली की बहुतेक मुले चुकलेले प्रश्न उघडतात, उत्तर वाचतात, ‘अरे, हे तर येत होतं’ म्हणतात आणि पुढच्या पेपरला बसतात. असे आठ-दहा पेपर होतात, गुण मात्र जिथल्या तिथे. मग आणखी एक पुस्तक विकत घेतले जाते. खरी गळती वेगळ्याच ठिकाणी असते.

महाराष्ट्राच्या एमबीए सीईटीत 150 मिनिटांत 200 प्रश्न सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला 45 सेकंद. त्यात तर्काचे 75, आकृत्यांचे 25, गणिताचे 50 आणि इंग्रजीचे 50. कॅटमध्ये प्रत्येक विभागाला 40 मिनिटे ठरलेली; वेळ संपली की तो विभाग बंद. सीईटीत असे बंधन नाही, त्यामुळे एखाद्या प्रश्नात अडकलेल्याला तिथून उठवणारे कुणी नसते.

एक उदाहरण घ्या. गोल टेबलाभोवती आठ जण बसलेत, तिघांची तोंडे बाहेरच्या बाजूला, आणि त्यावर पाच प्रश्न. तुमचे पाचही बरोबर आले, पण नऊ मिनिटे गेली. या पाच प्रश्नांच्या वाट्याला येतात 3 मिनिटे 45 सेकंद. वर गेलेली सव्वापाच मिनिटे पुढच्या सात प्रश्नांची होती, आणि ते सात तुम्ही वाचलेही नाहीत. गुणपत्रिकेत मात्र या पाचांपुढे हिरवी खूण दिसते, म्हणून तिकडे कुणी बघत नाही. माझ्या मते गुण वाढवायची सर्वांत मोठी संधी इथेच आहे.

ऑनलाइन सराव परीक्षांत प्रत्येक प्रश्नाला लागलेला वेळ बहुधा दिसतो. तो वहीत उतरवा, सोबत प्रश्नाचा प्रकार आणि कारण. कारणाच्या रकान्यात ‘सिली मिस्टेक’ लिहायचे नाही, त्यातून काहीच हाती लागत नाही. किंमत 20 टक्क्यांनी वाढली, मग 20 टक्क्यांनी उतरली, आणि तुम्ही ‘फरक नाही’ असे उत्तर दिलेत. तर लिहा : ‘दुसरे 20 टक्के 120 वर काढायचे होते, 100 वर काढले; उत्तर 96.’ एवढे नेमके लिहिले की पुढचा सराव कशाचा करायचा, हे त्या ओळीतच कळते.

नोकरी सांभाळून अभ्यास करणाऱ्यांनी रविवारी सकाळी पेपर द्यावा, सोमवार-मंगळवारच्या संध्याकाळी ही वही भरावी आणि उरलेला आठवडा वहीत सर्वाधिक वेळा आलेल्या दोनच प्रकारांना द्यावा. वही अर्धवट असेल तर पुढचा पेपर सरळ लांबणीवर टाका.

कॅट आणि सीईटी दोन्ही देणाऱ्यांसाठी आणखी एक. कॅटमध्ये बहुपर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकले की एक गुण जातो, म्हणून प्रश्न कोरा सोडायची सवय लागते. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. शेवटची दोन मिनिटे राखून ठेवा आणि एकही प्रश्न कोरा ठेवू नका; हेही सराव परीक्षेतच घोटवायला हवे.

पुढच्या आठवड्यात आकृत्यांच्या 25 प्रश्नांकडे वळू. तोवर तुमच्या शेवटच्या पेपरमधले सर्वांत जास्त वेळ खाल्लेले दहा प्रश्न वेगळे काढून ठेवा, बरोबर आलेले धरून.