हसं बाहुल्याचं, मुलाचं नव्हे

मोहोपाड्यात आपल्या घरी वाढदिवस आहे आणि मुलांसाठी बोलक्या बाहुल्यांचा खेळ ठेवायचा आहे, असं समजा. शब्दभ्रमकार ओठ न हलवता बोलतो. प, ब, म ही ओठांवरची अक्षरं त्याला जिभेनं निभावावी लागतात. आपली नजर बाहुल्याच्या हलत्या जबड्यावर खिळते, म्हणून आवाज त्याचाच वाटतो. तेव्हा मुलांना जवळ बसवा, गाणी बंद ठेवा. यशवंत केशव पाध्यांचा अर्धवटराव रामदास पाध्यांनी १९६७ पासून बोलता ठेवला. हसं बाहुल्याचं व्हायचं, हे त्या नावातच आलं. म्हणून बिदागीआधी कलावंताला विचारा, बुजऱ्या मुलाला पुढं बोलावून त्याची थट्टा करता का? ‘नाही’ म्हणाला, तर घासाघीस करू नका.