कचऱ्याचे नगर

विवान सुंदरम (१९४३–२०२३) बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात चित्रकला शिकले. पुढे मात्र ते इन्स्टॉलेशनकडे, म्हणजे मांडणशिल्पाकडे वळले. चित्र समोर उभे राहून पाहतात. मांडणशिल्पात शिरावे लागते. ‘१२ बेड वॉर्ड’मध्ये (२००५) मंद दिव्यांखाली लोखंडी खाटांच्या रांगा आहेत, गादीच्या जागी जुन्या पादत्राणांचे तळ. त्यांच्यामधून चालताना पावले आपोआप हळू पडतात. ‘ट्रॅश’साठी (२००८) त्यांनी कचरावेचकांच्या मदतीने स्टुडिओतच कचऱ्याचे नगर रचले आणि त्याची छायाचित्रे, चित्रफिती केल्या. लांबून ते चक्क देखणे दिसते. जवळ गेल्यावर डबे, प्लास्टिक ओळखू येते. कुजत्या कचऱ्यातून सुटणारा मिथेन हवा तापवतो, हे पाठ्यपुस्तकात असतेच. इथला डबा मात्र आपल्याच घरातला वाटतो.